तारा उंच, बोटं हुळहुळलेली: कपाटावरची गिटार वाजती कशी करावी

वाचकाचं पत्र: "भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना त्याची अकूस्टिक गिटार माझ्याकडे ठेवून गेला. आता म्हणतो, 'मावशी, तूच वाजव.' दोन वर्षं ती कापडी पिशवीत, कपाटावर पडून होती. तारा त्याने जाताना सैल केल्या होत्या. परवा काढली तर तारा गंजलेल्या. मोबाइलवर अ‍ॅप घेऊन सुरात लावल्या, पण दाबायला इतक्या जड की दहा मिनिटांत बोटं हुळहुळतात. वर चौथ्या-पाचव्या फ्रेटच्या आसपास खरखर येते. एका दुकानात दाखवली, तर 'यात पैसे घालू नका, नवीन घ्या' म्हणाले. मी बावन्न वर्षांची आहे. लहानपणी पेटी शिकले आहे, भजनी मंडळात गाते, माझी पट्टी काळी चार. ही गिटार उपयोगाची होईल का? की आता या वयात बोटंच ऐकणार नाहीत?" (एक वाचक, सहकारनगर, पुणे)

सप्रेम नमस्कार.

आधी वयाचा प्रश्न निकालात काढू. दहा मिनिटांत बोटं हुळहुळणं हे बरेचदा तारांच्या उंचीमुळे होतं. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, खुंट्यांकडून मोजायचे. बाराव्या फ्रेटपाशी तार साडेतीन-चार मिलिमीटर उंच असेल, तर विशीतला मुलगाही वैतागून गिटार ठेवून देतो. आपल्याकडे बऱ्याच गिटारी याच कारणाने कपाटावर जातात आणि दोष मात्र बोटांना मिळतो.

तुमच्या पत्रातली खरी विचार करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. तारा उंच, आणि तरीही खरखर. उंच तार फ्रेटला लागायला नको, मग खरखर कशाची? याचं उत्तर बहुधा 'तारा सैल करून ठेवल्या होत्या' या तुमच्याच वाक्यात आहे. गिटारच्या मानेच्या आत एक लोखंडी दांडी असते, ट्रस रॉड. सहा तारा मिळून मानेला सत्तर किलोच्या आसपास ताणाने पुढे ओढतात आणि ही दांडी तिला मागे धरते. दोन वर्षं तारांचा ताण नव्हता, दांडीचा होता. त्यामुळे मान किंचित मागे वाकलेली असणार. म्हणजे मधले फ्रेट वर आलेले, आणि खुंट्यांकडच्या पहिल्या पाच-सहा फ्रेटांवर तार दाबली की ती पुढच्या फ्रेटला घासणार. त्यात तुम्ही गिटार काढलीत ऐन आषाढात. या हवेत लाकूड ओल पितं, पुढची फळी फुगते, तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात तो लाकडी ठोकळा, म्हणजे ब्रिज, वर येतो आणि बाराव्या फ्रेटपाशी तारा आणखी उंच होतात. दोन दुखणी एकाच वेळी, आणि दोन्ही बरी होणारी. दुकानदाराचा सल्ला मानण्याआधी निदान मोजून तरी बघा.

गिटारीत खरोखर मोठा बिघाड असेल, तर तो तीन ठिकाणी दिसतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवा. कागद आत शिरला तर ब्रिज फळीपासून सुटायला लागला आहे. तसं असेल तर तारा लगेच सैल करा आणि गिटार कारागिराकडे न्या. फटीत फेविक्विक ओतू नका. तो कडक होऊन ठिसूळ बसतो, आणि पुढे नीट चिकटवायचं तर आधी तो खरवडण्यातच कारागिराचा वेळ जातो. दुसरं, खुंट्यांची पट्टी मानेला मिळते तिथे, आणि मान पोटाला मिळते त्या खोबणीत, तडा आहे का ते बॅटरीच्या उजेडात तिरकं धरून बघा. वार्निशवरची केसासारखी रेघ चालते, पण नखाला अडणारी फट चालत नाही. मोबाइलच्या बॅटरीचा उजेड फळीवरच्या गोल भोकातून आत सोडा आणि आतल्या आडव्या-तिरक्या पट्ट्या सुटल्यात का तेही पाहून घ्या. फळीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कुठे खुळखुळल्यासारखं वाजलं, तर तिथली पट्टी सैल आहे. तिसरी परीक्षा मानेच्या कोनाची. ती नव्या तारा चढवून गिटार सुरात आल्यावर, आणि मान सरळ केल्यावर करायची, म्हणून थोडं पुढे सांगतो.

अजून एक खात्री. तारा ब्रिजमध्ये प्लास्टिकच्या पिनांनी बसवलेल्या असतील तर ही पोलादी तारांची गिटार. तारा ब्रिजला गाठ मारून बांधलेल्या आणि खालच्या तीन बारीक तारा नायलॉनच्या असतील तर ती क्लासिकल, आणि तिच्यावर पोलादी तारा कधीही चढवायच्या नाहीत. ताण जवळजवळ दुप्पट होतो आणि ब्रिज उखडतो. तुम्ही 'गंजलेल्या' म्हणता, तेव्हा पहिल्याच प्रकारची असणार.

आता तारा. गंजलेल्या तारा काढूनच टाका. त्या सुरात लागल्यासारख्या वाटतात, पण वरच्या फ्रेटांवर बेसूर होतात आणि बोटांची सालं काढतात. दुकानात मागताना पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेच्या जाडीवरून 'दहा नंबर', 'अकरा नंबर', 'बारा नंबर' असं म्हणतात, म्हणजे इंचाचे इतके हजारावे भाग. कारखान्यातून बहुतेक गिटारींवर बारा नंबर येतात. तुम्ही दहा नंबरचा संच घ्या (०.०१० ते ०.०४७). बाराच्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोहून जास्त असतो, दहाचा साठच्या आसपास. आवाज थोडा कमी भरतो हे खरं, पण घरात आणि भजनाच्या साथीला तो पुरेसा आहे. अकरावर सहा महिन्यांनी जाता येईल. फॉस्फर ब्राँझच्या तारा थोड्या गोड वाजतात, ८०/२० ब्राँझच्या जरा चमकदार. कुठल्याही चालतील. बरा संच साधारण पाचशे ते नऊशे रुपयांत येतो. दीडशे-दोनशेचे संच टाळा, त्यात मंद्र तारा महिन्याभरात मुक्या होतात.

सगळ्या तारा एकदम काढू नयेत असं कुणी सांगेल. एखाद्या दुपारपुरत्या काढल्याने काही होत नाही. उलट मान साफ करायला तीच संधी. आधी सगळ्या सैल करा, मग मधोमध पक्कडीने कापा. ताणलेली तार कापू नका, ती डोळ्याकडे उडते. पिन निघत नसेल तर भोकातून आत हात घालून चमच्याच्या दांड्याने खालून हलकेच ढकला. वरून पक्कडीने ओढली तर पिनेचं डोकं तुटून देठ आतच राहतो.

फ्रेटबोर्डवरचा मळ जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. काळे पडलेले फ्रेट अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टील वुलने घासा. बोहरी आळीत ते मिळतं. भोकावर कागद चिकटवा, नाहीतर वुलचा चुरा आत जाईल. भांडी घासायची तारेची घासणी मात्र नको. फ्रेटबोर्ड शिसवीचा किंवा तशा गडद लाकडाचा असेल तर फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे चार-पाच थेंब कापडावर घेऊन लावा आणि पाच मिनिटांनी कोरडं पुसा. वर्षातून एकदा-दोनदा पुरे. घरात खोबरेल हाताशी असतं, पण ते लावू नका. ते सुकत नाही, खवट होतं आणि धूळ धरून चिकट बसतं. पोट आणि मान फक्त किंचित ओलसर, जुन्या सुती पंचाने पुसा. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लागलं की पॉलिश पांढुरकं पडतं.

नवी तार बसवताना नवखी माणसं एकाच जागी चुकतात. तारेच्या टोकाला छोटी पितळी गोळी असते. तार भोकात घाला, पिनेची खाच तारेकडे करून पिन अर्धी बसवा, आणि मग तार वर ओढत पिन दाबा. गोळी पिनेच्या टोकाखाली नाही, तर बाजूला सरकून फळीच्या आतल्या बाजूला टेकायला हवी. तार ओढल्यावर पिन वर यायला लागली तर गोळी टोकाखाली अडकली आहे. तार काढा, गोळीजवळ तिला किंचित वाक द्या आणि पुन्हा बसवा. खुंटीपाशी चार-पाच सेंटिमीटर जादा तार ठेवून कापा, म्हणजे दोन-तीन वेढे येतील. वेढे वरून खाली जाऊ द्या. एकावर एक चढलेले वेढे सरकत राहतात आणि तार उतरते. मानेच्या वरच्या टोकाला खाचांची पट्टी असते, ती नट. तिच्या खाचांत मऊ पेन्सिल दोनदा फिरवा. पेन्सिलच्या भुकटीने तार खाचेत अडकत नाही आणि पीळ देताना येणारा 'टिक' आवाज बंद होतो.

सूर लावताना तुमची पेटी कामी येईल. जाड तारेपासून बारीक तारेकडे: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात, आणि पुन्हा पांढरी तीन. मात्र पेटी ४४० ला (ट्यूनर पांढऱ्या सहासाठी धरतो ती कंपनसंख्या) अचूक मिळालेली असेलच असं नाही, म्हणून लावायला ट्यूनर वापरा आणि पेटीवर फक्त सप्तक बरोबर आहे ना ते पडताळा. बारीक तार एक सप्तक वर चढवायच्या नादात तुटणं हा पहिल्या आठवड्यातला नेहमीचा अपघात. अ‍ॅपपेक्षा खुंट्यांच्या पट्टीला चिमट्यासारखा लागणारा क्लिप ट्यूनर बरा. तो लाकडाची कंपनं ऐकतो, शेजारच्या मिक्सरची नाही. सूर नेहमी खालून वर आणा. वर गेला तर खाली उतरवून पुन्हा चढवा, नाहीतर खुंटीच्या दात्यांतली मोकळीक दहा मिनिटांत तार उतरवते. नवी तार बाराव्या फ्रेटपाशी बोटाने हलके वर उचलून ताणा आणि पुन्हा सुरात घ्या. तीन-चारदा असं केलं की ती स्थिरावते.

आणि आता तीन दिवस काहीही करू नका. रोज सुरात लावा, थोडी वाजवा, पण चावी हातात घेऊ नका. मागे गेलेली मान ताणाखाली हळूहळू पुढे येते. पहिल्याच संध्याकाळी ट्रस रॉड फिरवला तर चौथ्या दिवशी तो उलटा फिरवावा लागतो. बरेचदा तुमची खरखर या तीन दिवसांतच अर्धी होईल.

चौथ्या दिवशी मोजा. त्यासाठी फीलर गेज लागेल, म्हणजे टू-व्हीलरचे मेकॅनिक टॅपेट बसवताना वापरतात तो पातळ पात्यांचा संच. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतो. घरात कुणी भोसरी-चिंचवडला कारखान्यात असेल तर बहुधा त्यांच्याकडेच असेल. सोबत अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची फूटपट्टी. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. मान पोटाला मिळते त्या फ्रेटवर (बहुधा चौदावा) जाड तार एका बोटाने दाबा. आता सहाव्या-सातव्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली किती फट आहे? ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावी. या फटीला रिलीफ म्हणतात. ०.२५ चं पातं तार न उचलता जेमतेम सरकलं की झालं. फटच नसेल तर मान सपाट किंवा मागे गेलेली, आणि तुमची खरखर तिथलीच. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त असेल तर मान पुढे वाकलेली.

ट्रस रॉडचा आवळायचा नट भोकाच्या आत, मानेच्या टोकाशी असतो, किंवा खुंट्यांच्या पट्टीवरच्या छोट्या झाकणाखाली. बहुतेकांना ४ किंवा ५ मिलिमीटरची अ‍ॅलन चावी लागते. सैल बसणारी चावी वापरू नका, कोपरे झिजले की नट कायमचा गेला. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की दांडी आवळते, मान सरळ होते, फट कमी होते. उलट फिरवलं की फट वाढते. तुमच्या बाबतीत बहुधा उलटं. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावा, दुसऱ्या दिवशी मोजा. नट जोर लावूनही हलत नसेल, किंवा पूर्ण सैल होऊनही मान मागेच असेल, तर थांबा. ते काम कारागिराचं. स्वस्त गिटारींत कधी कधी ही दांडी नसतेच, किंवा असते पण फिरत नाही. तिथे दहा नंबरच्या तारांवर भागवायचं.

मान सरळ झाली की मगच तारांची उंची मोजा. हा क्रम उलटा केला तर सगळं मोजमाप वाया जातं, कारण मान हलली की उंची बदलते. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड तारेला सुमारे २.४ मिलिमीटर, बारीक तारेला १.८ ते २. एवढ्या उंचीवर बोटं तक्रार करत नाहीत आणि जोरात वाजवलं तरी खरखर येत नाही.

मघाशी राहिलेली तिसरी परीक्षा आता. दोन फुटी सरळ स्टीलची पट्टी तिसऱ्या-चौथ्या तारेच्या मधून फ्रेटांच्या माथ्यावर ठेवा आणि ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या पातळीला लागायला हवं. ते दीड-दोन मिलिमीटर खाली, ब्रिजच्या पोटाला धडकत असेल तर मानेचा कोनच बिघडला आहे. तो दुरुस्त करायचा म्हणजे मान काढून पुन्हा बसवायची, आणि साध्या गिटारीच्या किमतीपेक्षा त्या मजुरीचा खर्च जास्त होतो. हे एकच निदान असं आहे की ज्यात दुकानदाराचं म्हणणं बरोबर ठरतं.

टोक ठीक लागत असेल तर उंची सॅडलने कमी करायची. ब्रिजवरची ती पांढरी पट्टी. हिशेब सोपा: बाराव्या फ्रेटवर जेवढी उंची कमी हवी, त्याच्या दुप्पट सॅडल घासायचं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. मोजमाप ३.४ आलं आणि २.४ हवं असेल, तर सॅडलच्या खालून २ मिलिमीटर. पण आत्ता एवढं घासू नका. ही पावसाळ्यातली उंची आहे. पुण्यात फेब्रुवारीपासून दुपारची हवा अगदी कोरडी होते, फुगलेली फळी बसते, आणि आषाढात २.४ वर आणलेली तार एप्रिलमध्ये फ्रेटवर वाजायला लागते. आत्ता जाड तारेला २.७ आणि बारीक तारेला २.२ वर थांबा. कार्तिकात, हवा कोरडी झाल्यावर पुन्हा मोजा.

मूळ सॅडलला हात लावण्याआधी तेवढ्याच जाडीचं एक दुसरं घ्या. बहुतेक ३ मिलिमीटरच्या आसपास असतात, पण आपलं मोजून न्या. हाडाचं मिळालं तर उत्तम. मूळ जसंच्या तसं डबीत ठेवून नव्यावर प्रयोग करा. घासलेलं सॅडल पुन्हा वाढत नाही. पेन्सिलने तळाशी रेघ आखा, काचेच्या तुकड्यावर किंवा सपाट टाइलवर १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरा आणि सॅडल उभं धरून सरळ रेषेत घासा. रेघेजवळ आलात की २२० नंबर. तळ काटकोनात आणि सपाट राहिला पाहिजे. बोटांच्या जोराने तो एका कडेला झुकतो, म्हणून दर वीस-तीस घाशांनी सॅडलची बाजू उलटा. ब्रिजखाली पिकअप (आवाज स्पीकरकडे नेणारी पट्टी) असेल तर वाकड्या तळाने एखादी तार स्पीकरवर दबकी येते. घासून झाल्यावर सॅडल ब्रिजच्या वर निदान दोन-तीन मिलिमीटर उरायला हवं. त्याहून कमी उरत असेल तर तारांचा सॅडलवरचा दाब कमी पडून आवाज मरतो. मग तेवढ्यावरच थांबायचं.

नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, तपासायला एक युक्ती. तार तिसऱ्या फ्रेटच्या जागी दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. केसाएवढी दिसली पाहिजे. ठळक फट असेल तर खाचा उंच आहेत, आणि पहिल्या तीन फ्रेटांवरचे सूर चढे लागतात. पेटीचा कान असल्याने तुम्हाला ते लगेच कळेल. खाचा खोल करण्याच्या कानशी तारेच्या जाडीप्रमाणे वेगवेगळ्या असतात, त्यामुळे हे एक काम पैसे देऊन करून घ्या. कारागीर निवडताना लक्ष्मी रस्ता-बुधवार पेठेच्या बाजूला चार दुकानांत विचारा, पण प्रश्न असा विचारा: 'रिलीफ किती ठेवाल आणि बाराव्या फ्रेटला किती मिलिमीटर?' आकड्यात उत्तर आलं तर गिटार द्या. 'बघू, करून देतो' आलं तर चहा पिऊन परत या. सतार-तंबोऱ्याचा उत्तम कारागीर ट्रस रॉडच्या गिटारवर काम करतोच असं नाही. तंबोऱ्यात जवारी मुद्दाम आणतात, गिटारवर तोच झणझणाट दोष ठरतो.

एवढं करूनही खरखर राहिली तर ती कुठे येते त्यावरून कारण ओळखा. फक्त मोकळी तार वाजवल्यावर येते, दाबल्यावर नाही: नटची खाच खोल झाली आहे. एकाच फ्रेटवर येते, शेजारी नाही: पुढचा फ्रेट वर आलेला. एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटांवर ठेवा, मधला वर असेल तर कार्ड डुलतं. बाराव्याच्या पुढे सगळीकडे येते: सॅडल जास्त घासलं गेलं. कुठेही दाबलं तरी तीच खरखर: बहुधा तारेची नाहीच. खुंट्यांभोवतीचे सैल नट, ट्रस रॉडचं झाकण, किंवा दुसऱ्या तारेला टेकलेलं कापलेलं टोक. एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने एकेक भाग दाबून बघा. ज्यावर हात ठेवल्यावर आवाज थांबतो तोच.

गिटार परत कपाटावर ठेवू नका. वरच्या मजल्यावर एप्रिल-मे महिन्यांत स्लॅबखालची ती जागा घरात सर्वांत तापलेली आणि कोरडी असते, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. आतल्या भिंतीवर हुक लावून टांगा, समोर दिसली की हातातही येते. एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक तापकीर गल्लीत मिळेल. ४५ ते ५५ टक्के उत्तम, ४० ते ६० चालेल. पावसाळ्यात काटा ७० च्या वर राहिला तर वाजवून झाल्यावर गिटार बंद पिशवीत, सोबत शंभर ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलणारं घ्यायचं तर नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, ते स्वयंपाकाच्या तव्यावर सुकवू नये. उन्हाळ्यात याच्या उलट: भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंजाचा तुकडा, पिशवीत. फ्रेटांची टोकं हाताला टोचायला लागली तर लाकूड आटतंय असं समजा आणि स्पंज लगेच ठेवा, पुढची पायरी तडा असते. मे महिन्यात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका, आतला सरस मऊ पडून ब्रिज सुटतो. आणि यापुढे तारा सैल करायच्या नाहीत. महिनाभर गावाला गेलात तरी सुरातच राहू द्या. फार तर अर्धा सूर उतरवा.

आता वाजवणं. सुरुवातीला दहा-दहा मिनिटं दिवसातून दोनदा, एकदम अर्धा तास नको. बोट फ्रेटच्या अगदी मागे, जवळजवळ त्याला चिकटून ठेवा. मधोमध ठेवलं तर जास्त दाबावं लागतं. डाव्या हाताची नखं अगदी बारीक. रोज वाजवलं तर तीन-चार आठवड्यांत बोटांची टोकं निबर होतात. ई मायनर, जी, डी, सी, ए मायनर, एवढ्या पाच कॉर्डांवर, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांवर, पुष्कळ भजनं बसतात. एफची आडवी कॉर्ड वर्षभर शिकली नाहीत तरी काही अडत नाही. पहिल्याच महिन्यात ती गळ्यात बांधणारे शिक्षक विद्यार्थी घालवतात.

तुमची पट्टी काळी चार. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जीची कॉर्ड वाजवा, तो तुमचा षड्ज. मग सी म्हणजे मध्यमाची कॉर्ड आणि डी म्हणजे पंचमाची, एवढ्या तिन्हींवर साथ सुरू होते. दादऱ्याला अंगठ्याने पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जाड तार, बाकी चार मात्रांवर बोटांनी खालच्या तीन तारा एकत्र. भजनी ठेक्याला सुरुवातीला फक्त समेवर कॉर्ड वाजवा आणि ती वाजत राहू द्या. मृदंग-टाळ चालू असताना गिटारने ठेका भरायला गेलं की गर्दी होते.

एकटीने रियाज करायचा असेल तर याहून सोपं: सहावी तार पांढऱ्या तीनवरून पांढऱ्या दोनवर उतरवा, पहिलीही तशीच, आणि दुसरी पांढऱ्या सातवरून पांढऱ्या सहावर. आता सहाव्या फ्रेटवर कॅपो लावला की सहावी, चौथी आणि पहिली तार काळी चारचा सा देतात, पाचवी आणि दुसरी पंचम. तिसरी तार मध्यम देते. तिला कॅपोच्या पुढे दुसऱ्या फ्रेटवर दाबलं की तीही पंचम होते. किंवा ती सोडून द्या, आणि मध्यम लावून गायचे राग निघाले की मोकळी वाजवा. डावा हात जवळजवळ मोकळा राहतो. परत नेहमीच्या सुरांवर जाताना आधी कॅपो काढा, मग तारा चढवा. कॅपो लावलेला असताना चढवलेली तार त्याच्यामागे अडकून राहते आणि कॅपो काढल्यावर सूर वेगळाच निघतो.